फिश टँकखाली प्लायवूड टाकून वजन कमी होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत मध्यंतरी घरातल्या फिश टँकवर एक लेख आला होता, त्याचं कात्रण माझ्या आत्येभावाने मला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. तो पुण्यात शनिवारातल्या एका जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर राहतो आणि मी इकडे अमेरिकेत इंडियानामध्ये मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेलं घर), आणि मासे पाळायचा नाद आम्हा दोघांनाही सारखाच. लेख छान होता, फिल्टर, लाइट, पाणी कधी बदलायचं वगैरे सगळं बरोबर लिहिलंय, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण वजनाबद्दल त्यात जेमतेम दोन ओळी होत्या, की मोठा टँक भिंतीला लागून ठेवा आणि खाली जाड प्लायवूड टाका म्हणजे वजन पसरतं. स्लॅबच्या घरात हे खपून जातं. लाकडी जमिनीच्या घरात खपत नाही, आणि मोबाइल होममध्ये तर त्यातला भिंतीचा सल्ला चक्क उलटा पडतो. म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, कात्री लावायचीच असेल तर शेवटाला लावा, मधल्या भागाला नको.

आधी वजन किती ते बघू, कारण टँक रिकामा असताना दोघं जण उचलून आणतात आणि मग कोणाला वाटतच नाही की हे प्रकरण जड आहे. आपल्याकडे टँक फुटात विकतात ते हिशोबाला बरं पडतं. लांबी, रुंदी, उंची फुटात घ्यायची, गुणायची, आणि वर २८ ने गुणायचं की लिटर आले, आणि गोड्या पाण्याचा लिटर म्हणजे किलो. चार बाय दीड बाय दोनचा टँक, जो क्रॉफर्ड मार्केटपासून तालुक्याच्या गावापर्यंत कुठेही बनवून मिळतो, तो काठोकाठ भरला तर ३३६ लिटर. त्यात काच आली, खालची रेती आली, सजावटीचे दगड आले, म्हणजे चारशे किलोच्या वर गेलात, आणि स्टँड अजून धरलाच नाही. इकडे टँक गॅलनवर विकतात. ५५ गॅलनचा भरलेला टँक साधारण २८५ किलो, ७५ गॅलनचा ३८५ किलो, आणि सहा फुटी १२५ गॅलनचा घेतला तर सव्वासहाशेच्या पुढे.

आता जमिनीला किती झेपतं. अमेरिकेत १५ जून १९७६ पासून मोबाइल होमसाठी केंद्र सरकारचा कोड लागू आहे, हडचा (म्हणजे इकडच्या गृहनिर्माण खात्याचा) कोड म्हणतात त्याला, आणि त्यात जमीन चौरस फुटाला ४० पौंड या हिशोबाने बांधलेली पाहिजे असं आहे. आपल्या पद्धतीने चौरस मीटरला साधारण १९५ किलो. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकात राहत्या खोल्यांसाठी जो आकडा आहे तो पण जवळजवळ तेवढाच, चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे दोनशे किलो धरा. आता पाण्याचं असं आहे की १० सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे चौरस मीटरला १०० किलो, मग टँक लांबीला कितीही असो. म्हणजे वीतभर पाणी झालं की तो दोनशेचा आकडा संपला. दोन फूट उंच टँकमध्ये पाण्याचाच भार सहाशेच्या आसपास जातो.

हे वाचून लगेच टँक विकायला काढू नका. तो आकडा सबंध खोलीभर एकाच वेळी एवढं वजन ठेवलं तर, या हिशोबाचा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत तो गुणला तर दोन टनांच्या वर जातो, आणि एवढं सामान कोणाच्याच हॉलमध्ये नसतं. म्हणजे खोलीला चारशे किलो जास्त नाहीत, ते चारशे किलो सहा चौरस फुटात एका जागी उभे आहेत हा प्रॉब्लेम आहे. आणि ते कशावर उभे आहेत, हा त्याहून मोठा.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहितीये, की आमच्याकडे सत्यनारायणाला वीस माणसं एका खोलीत बसतात तेव्हा काही होत नाही, मग एका टँकने काय होणार. अहो, माणसं प्रसाद घेऊन घरी जातात. टँक वर्षानुवर्षं तिथेच असतो. लाकडाचा स्वभावच असा आहे की थोडा वेळ त्याला बराच जास्त भार चालतो आणि कायमचा भार कमी चालतो, इकडच्या लाकडी बांधकामाच्या नियमांत तर त्यासाठी वेगळे गुणक दिलेत, दहा मिनिटांच्या भाराला १.६ आणि कायमच्या भाराला ०.९. शिवाय कायमच्या वजनाखाली लाकूड हळूहळू वाकत जातं, पहिल्या दिवशी जेवढा झोक आला त्याच्या दीडपट-दुप्पट काही वर्षांत होऊ शकतो. टँक एकदम खाली कोसळला असं फार क्वचित होतं. होतं ते असं की एका बाजूला पाण्याची रेघ काठाच्या जवळ दिसायला लागते, काचेवर वाकडा ताण येतो, आणि मग कधीतरी सिलिकॉनचा सांधा सुटतो आणि पावणेतीनशे लिटर पाणी कार्पेटवर.

आता मोबाइल होम म्हणजे काय ते सांगतो, कारण तिकडे बऱ्याच जणांना वाटतं की चाकांवरची कॅराव्हॅन. तशी नसतात ती. कारखान्यात तयार होतात, ट्रकने ओढून जागेवर आणतात आणि मग बहुतेक जन्मभर तिथेच राहतात. इकडे जवळपास दोन कोटी लोक अशा घरांत राहतात, आणि छोट्या गावात नोकरी लागली तर आपल्यासारख्यांनाही हेच परवडतं, पण आपली माणसं हे सांगताना जरा आवाज खाली घेतात, ते असो. घराच्या खाली लांबीला दोन लोखंडी आय-बीम असतात, आपल्या भाषेत दोन मोठ्या तुळया. त्यांच्यावर आडव्या लाकडी कड्या, साधारण १६ इंचांवर एकेक, आणि कड्यांवर पाट्यांची जमीन. अगदी वाड्यातल्या कडीपाटासारखंच, फक्त सागवानाऐवजी पाइन. त्या दोन आय-बीमखाली ठराविक अंतरावर, साधारण आठ-दहा फुटांवर, काँक्रीटच्या ब्लॉकचे खांब रचलेले असतात. पूर्ण घराचं वजन जमिनीत जातं ते या खांबांमधून.

आणि इथेच भिंतीचा सल्ला उलटा पडतो. साध्या घरात बाहेरची भिंत पायावर उभी असते म्हणून टँक भिंतीला लावा म्हणतात, ते बरोबरच आहे. मोबाइल होममध्ये बाहेरच्या भिंतीखाली बहुतेक वेळा काहीच नसतं! आय-बीम भिंतीपासून दोन-अडीच फूट आत असतो, आणि तिथून भिंतीपर्यंतची जमीन आय-बीमच्या बाहेर लटकलेली असते, तिला आधार द्यायला मध्ये मध्ये लोखंडी ब्रॅकेट असतात, त्यांना आउटरिगर म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला घराभोवती खालपर्यंत प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं स्कर्टिंग दिसतं आणि त्याला वाटतं घर त्याच्यावर बसलंय. तो नुसता पडदा आहे, उंदीर आणि वारा अडवायला. तेव्हा भिंतीला चिकटवून ठेवलेला दीड फूट रुंदीचा टँक अख्खाच्या अख्खा त्या लटकत्या भागावर जातो, म्हणजे खोलीतल्या सगळ्यात कमजोर पट्ट्यावर. फक्त दरवाज्याच्या किंवा मोठ्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीखाली जास्तीचे खांब दिलेले असतात, तेही नव्या आणि नीट बसवलेल्या घरांत. जुन्या घरात ते असतील असं धरून चालू नका, टॉर्च घेऊन खाली जाऊन बघा.

कड्या कुठल्या दिशेने जातात हे पण बघायला लागतं. बऱ्याच घरांत त्या रुंदीत आडव्या असतात, काही जुन्या घरांत लांबीत. ७५ गॅलनचा टँक चार फूट लांब. तो कड्यांना आडवा ठेवला तर तीन-चार कड्यांवर बसतो, म्हणजे एकेकीला शंभर-सव्वाशे किलो. कडीच्या दिशेनेच ठेवला तर एका, फार तर दोन कड्यांवर, म्हणजे दोनशे किलो किंवा त्याहून जास्त. टँक तोच, खोली तीच, नुसता फिरवला तर कडीवरचा भार दुप्पट. आणि कडीच्या मध्यावर ठेवलेलं वजन तिला जास्त वाकवतं, टोकाच्या आधाराजवळ ठेवलेलं कमी. म्हणून नवा आधार द्यायचा नसेल तर जागा शोधायची ती आय-बीमच्या डोक्यावर, कड्यांना आडवी. अडचण एवढीच की ती जागा भिंतीपासून दोन-अडीच फूट आत येते, म्हणजे हॉलमध्ये मध्येच बेट, आणि बायको म्हणते तिथून सोफ्याकडे जायचं कसं. खरंय तिचं.

मग प्लायवूड कशाला टाकतात? त्याचं काम आहे पण वेगळं आहे. हडच्या त्याच कोडमध्ये जमिनीने एक इंच व्यासाच्या चकतीवर २०० पौंड, म्हणजे ९० किलो सोसले पाहिजेत असं पण आहे. चार पायांच्या लोखंडी अँगलच्या स्टँडवर ३८५ किलोचा टँक ठेवला तर एकेका पायावर शंभरच्या आसपास येतात, स्टँडचं वजन धरून जास्तच. म्हणजे पाय जमिनीत रुतायची भीती खरी आहे, आणि तिथे पाऊण इंची प्लायवूड खाली घातलं की पाय रुतत नाहीत. पण ते चारशे किलो शेवटी त्याच कड्यांवर येतात. प्लायवूड दोन-तीन इंच इकडेतिकडे पसरवेल, त्याने कडी मजबूत होत नाही आणि एकाची दुसरी कडी पण होत नाही. लेखात जे "वजन पसरतं" लिहिलंय ते वाचून माणूस निश्चिंत होतो, माझा आक्षेप तेवढ्यावरच आहे.

खरा उपाय खालून टेकू द्यायचा. मोबाइल होमचं एक सुख आहे की खाली शिरायला जागा असते आणि खाली कोणी राहत नाही. टँक जिथे येणार तिथे जमिनीखाली कड्यांना आडवं एक दणकट लाकूड लावायचं, चार बाय चार इंचांचं किंवा दोन बाय सहा इंचांच्या दोन फळ्या एकत्र ठोकून, टँकच्या लांबीपेक्षा थोडं लांबच, म्हणजे दोन्ही बाजूची एकेक कडी त्यात येते. टँक रुंद असेल तर अशी दोन लाकडं, पुढच्या आणि मागच्या पायांच्या रेषेत. त्या लाकडाखाली दोन खांब. खांब म्हणजे १६ इंची पोकळ काँक्रीट ब्लॉक एकावर एक, आणि त्यांची भोकं वर-खाली पाहिजेत, आडवी नाही. हे मुद्दाम लिहितोय कारण ब्लॉक आडवा ठेवला की बरा बसतो असं वाटून लोक तसाच ठेवतात आणि तसा तो बराच कमी भार घेतो. छत्तीस इंचांपर्यंत एकेरी रचून चालतं, त्याच्या वर उंची गेली तर दुहेरी आणि आलटून पालटून रचायला लागतात. सगळ्यात खाली १६ बाय १६ इंचाची चार इंच जाड काँक्रीटची लादी, आणि ती गवतावर किंवा भुसभुशीत मातीवर नको, वरची माती काढून खालच्या घट्ट मातीवर. मातीची ताकद माहीत नसेल तर इकडे चौरस फुटाला १५०० पौंड धरतात, त्या हिशोबाने अशी एक लादी ११०० किलोच्या वर घेते. म्हणजे टँकच्या वजनाला दोन लाद्या भरपूर झाल्या.

वर लाकूड आणि ब्लॉक यांच्यात जी फट राहते ती कठीण लाकडाच्या पाचरी दोन्ही बाजूंनी मारून भरायची, किंवा स्क्रू जॅक लावायचा. आणि इथे लोकांचा हात सुटतो. काम घर उचलायचं नाहीये, टेकू नुसता घट्ट लागला पाहिजे. जॅक चार वेढे जास्त फिरवला की वरची जमीन फुगते, दरवाजे अडकतात, भिंतीच्या पॅनेलला चीर जाते, आणि टँक वाकडा तो वाकडाच. पाणसळ टँकच्या जागी वर ठेवायची, एकाने वर बघायचं, एकाने खाली पाचर मारायची, एवढाच खेळ. आणि घर नुसतं जॅकवर असताना खाली कोणी सरपटत जायचं नाही, ही गोष्ट मी इकडे पार्कमध्ये, म्हणजे मोबाइल होमच्या वस्तीत, सगळ्यांना सांगतो आणि तरी लोक जातात.

खाली कड्यांना लागून इन्सुलेशन आणि त्याच्याखाली काळं कापड असतं, ते टेकूपुरतं कापलं तर नंतर नीट टेपने बंद करायचं, नाहीतर हिवाळ्यात नळ गोठतात. इंडियानात जमीन दोन-तीन फूट गोठते आणि गोठली की वर येते, वसंतात परत बसते, त्याच्याबरोबर उथळ पायाचा टेकू पण वर-खाली होतो. म्हणून थंडी संपली की एकदा खाली जाऊन पाचरी बघायच्या. फ्लोरिडा-टेक्सासवाल्यांना हा त्रास नाही, त्यांना पावसाने माती मऊ होते तो त्रास आहे.

अजून एक, आणि जुन्या घरांत हे सगळ्याच्या आधी बघा. पूर्वीच्या मोबाइल होममध्ये जमिनीला बरेचदा पार्टिकल बोर्ड वापरलाय, म्हणजे भुसा आणि गोंद. त्याला पाणी लागलं की तो बिस्किटासारखा फुगतो आणि मग त्यात ताकद म्हणून काही राहत नाही. आणि फिश टँक म्हटल्यावर पाणी सांडणारच, कितीही जपा. बाथरूमच्या बाहेर, खिडकीखाली, गीझरजवळ पाय दिला की जमीन दबते अशी घरं इकडे ढीगभर आहेत. अशा जागी खालून कितीही टेकू द्या उपयोग नाही, आधी तो बोर्ड कापून काढून तिथे पाऊण इंची प्लायवूड कड्यांवर स्क्रूने बसवायचं आणि मग पुढचं. इथे मात्र प्लायवूड खरंच कामाला येतं बरं का.

टँक भरताना पण एकदम भरू नये. अर्धा भरून एक रात्र जाऊ द्यायची, पाणसळ लावून बघायची, पाण्याची रेघ चारही कोपऱ्यांत काठापासून सारखी आहे का ते पट्टीने मोजायचं. फरक दिसला तर टँक रिकामा करून स्टँडच्या खाली दुरुस्ती करायची. टँक आणि स्टँडच्या मध्ये एका कोपऱ्यात पुठ्ठा सरकवणं हा उपाय नाही, त्याने सगळा भार त्या कोपऱ्याच्या काचेवर येतो.

आता आत्येभावाचं. त्याच्या वाड्यात तुळया सागवानी आहेत, कड्या पण जाड आहेत, पण शंभर वर्षांचं लाकूड, भिंतीत शिरलेलं टोक ओल लागून कुजलंय की नाही हे बाहेरून दिसत नाही. आणि खालून टेकू द्यायचा तर खाली दुसरं बिऱ्हाड! मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींत, १९४० च्या आधीच्या, लाकडी जमिनींची तीच गत, त्यात तिथे आधीच कुठे कुठे टेकू लावलेले असतात. मी त्याला सांगितलं की दोन फुटी टँक ठेव, ऐंशी-नव्वद लिटरचा, एका माणसापेक्षा थोडं जास्त वजन, आणि तोही खोलीच्या मधोमध नको, भिंतीच्या जवळ आणि कड्यांना आडवा. त्याला चार फुटी पाहिजे होता. तो अजून माझ्यावर रागावलाय.

स्लॅबच्या फ्लॅटवाल्यांनी पण एक जागा टाळावी, ती म्हणजे बंद करून खोलीत घेतलेली बाल्कनी. उजेड चांगला येतो, पाणी सांडलं तर टाइल्स असतात, म्हणून टँक हमखास तिथेच जातो. पण बहुतेक बाल्कन्यांचा स्लॅब इमारतीबाहेर लटकलेला असतो, खाली खांब नाही, आणि कठड्याच्या टोकाला ठेवलेलं वजन त्याला सगळ्यात जड पडतं. त्यात ग्रिल, काचेच्या खिडक्या, कुंड्या आणि वॉशिंग मशीन आधीच आलेलं असतं. जुन्या इमारतींत बाल्कनीच्या खालच्या बाजूला प्लास्टर पडून गज दिसत असतील तर मग विषयच संपला. मोठा टँक ठेवायचाच असेल तर आतल्या खोलीत बीमच्या जवळ ठेवा आणि सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला एकदा विचारा, ऑडिटच्या वेळी तो येतोच.

लेखकांना माझी विनंती एवढीच की लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात टँकच्या साइजबरोबर भरलेलं वजन किलोत छापा, दोन फुटी, तीन फुटी, चार फुटी असं, आणि "खाली प्लायवूड टाका" या ओळीऐवजी "खाली कड्या कुठे आहेत ते बघा" असं लिहा. मोबाइल होमच्या जमिनीचं मापासकट स्केच माझ्याकडे काढलेलं आहे. अमेरिकेत अशा घरात राहणारे आपले वाचक असतील आणि संपादकांना छापायचं असेल तर स्कॅन करून पाठवतो, हाताने काढलंय पण मापं बरोबर आहेत.

कळावे,
आपला,
एक वाचक (मूळचा कराडचा)
इंडियाना, अमेरिका